भिंतीवरचं वाक्य

श्रीनिवास परचुरे एका महाविद्यालयात बत्तीस वर्षं प्रवेशाच्या खिडकीमागे बसले. निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटवर त्या काळातलं कुणी फिरकत नसे आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसे. मार्चमधल्या एका रविवारी मात्र संपत इंगोले नावाचा चाळिशीचा माणूस पत्ता शोधत आला आणि वाकून पायाच पडला.

संपत वाशीमचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो पुण्यात पोचला, तेव्हा प्रवेशाची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. परत जायचं आणि शिक्षण सोडून द्यायचं, असं त्याने ठरवलंही होतं.

"तुम्ही म्हणालात, 'बस. आधी पाणी पी. अर्ज घेतो मी.' पुढे कुठेही अडलो, की हेच आठवायचं," तो म्हणाला.

आता त्याने वाघोलीत आपल्या भागातल्या मुलांसाठी अभ्यासिका काढली होती आणि समोरच्याच भिंतीवर हे वाक्य रंगवून घेतलं होतं. पुढच्या रविवारी उद्घाटनाला सरांनी यावं, एवढीच विनंती होती. चहा घेऊन आलेल्या मंदाकिनीबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. असं मायेने बोलणारे हे गृहस्थ कोण, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

परचुऱ्यांना तो दिवस स्वच्छ आठवत होता, म्हणूनच त्यांना संपतकडे पाहवेना. त्यांना दया वगैरे काही आली नव्हती. पोराचे ओठ पांढरे पडले होते. खिडकीसमोर चक्कर येऊन पडला असता, तर प्राचार्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. तो गेल्यावर त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या हिंमतरावांना त्याची नक्कल करून दाखवली होती: "मले फारम भराचा हाय जी." सगळं कार्यालय हसलं होतं. पुढे दोन-तीन वर्षं चहाच्या वेळी त्या नकलेची फर्माईश होई आणि ते ती आनंदाने करत.

समोरचा माणूस कृतज्ञतेने बोलत होता आणि परचुऱ्यांना त्या नकलेतल्या आपल्याच आवाजाची किळस येत होती. शेवटी ते सहन होईना. त्यांनी संपतला अडवलं आणि नकलेचं सगळं सांगून टाकलं.

संपतने कप खाली ठेवला.

"माहीत आहे सर. मी जिन्यातच होतो. ऐकलं मी."

"आणि तरी हे वाक्य भिंतीवर?"

"हसणारे पुण्यात पुष्कळ भेटले. अर्ज घेतो म्हणणारे तुम्ही एकटेच."

परचुऱ्यांना वाटलं होतं, खरं सांगितलं की मोकळं वाटेल. तसं झालं नाही. या माणसाने एक वाक्य वीस वर्षं जपलं होतं. मग 'खिडकी बंद झाली, डोळे नाहीत का?' हे कुणी जपलं असेल? ते तर त्यांनी रोज कुणाला ना कुणाला ऐकवलं होतं. त्यातला एकही चेहरा त्यांना आठवेना.

संपत गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "मी फार घाण बोलायचो लोकांशी."

मंदाकिनीबाई कप उचलत म्हणाल्या, "लोकांशीच कशाला? घरात वेगळं बोलत होतात का?" मग त्या आत गेल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं परचुऱ्यांना वाटलं.

आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. जायचं नाही असं ठरवूनही ते रविवारी बसने वाघोलीला गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. संपतने स्टेजवर बोलावलं, तेव्हा त्यांनी हात जोडून नकार दिला. भिंतीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर वेणूबाई नावाची एक बाई नातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन त्यांच्याजवळ आली. कार्यालयात होते ना तुम्ही, म्हणाली. अर्ज चुरगळलेला, खाडाखोड केलेला, एका रकान्यातलं दुसऱ्यात लिहिलेलं. परचुऱ्यांच्या कपाळावर आठी चढली आणि 'डोळे नाहीत का?' हे जुनं वाक्य तोंडात आयतं तयार झालं. ते अजून इतकं ताजं आहे, याची त्यांना शिसारी आली.

त्यांनी अर्ज हातात घेऊन मांडीवर सपाट केला. मग शेजारची खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "बसा. नातीचं नाव सांगा आधी."