टेकाडामागचा वळसा

एक लोखंडी फाटक. फाटकापासून दोन रांगांत लिंडनची बासष्ट झाडं. लावली तेव्हा चौसष्ट होती, दोन विजेने नेली. एक तळं आणि त्याच्या ओढ्यावर अकरा फळ्यांचा पूल. मग झेनोनच्या पिवळ्या मोहरीच्या शेताचा बांध. मग पाइनचं जंगल, ज्यातली झाडं अजून कोणी मोजलेली नाहीत. जंगल संपतं तिथे गवताचं एक टेकाड, टेकाडाच्या पायथ्याशी छोट्या देवळीत काचेच्या दाराआड उभी असलेली मरियामाता, आणि तिथून परत वळून तळ्याकाठचा लाकडी धक्का.

मित्रांनो, एवढं सगळं मिळून मी बनते. मी एक जुनी पायवाट आहे, पोलंडमधल्या लिपोव्का गावाची.

माझा जन्म एका आजारपणातून झाला. इथे पूर्वी जमीनदाराची हवेली होती. त्याच्या बायकोला वैद्याने सांगितलं, रोज चाला. तिला चिखल आवडत नसे, म्हणून माळ्याने दोरी ताणून खडी पसरली आणि दोन्ही बाजूंना लिंडन लावले. बाई बरी झाली की नाही, ते मला कळलं नाही. पुढे युद्ध आलं, हवेली जळली. उरलेल्या विटा लोकांनी आपापल्या चुलींसाठी नेल्या. मला मात्र कोणी उचलून नेऊ शकलं नाही, म्हणून मी राहिले.

त्यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची. सकाळी शाळेची मुलं, मग दुधाचे डबे, शरदात अळंब्यांच्या टोपल्या घेतलेल्या बाया. माझ्यावरून वराती गेल्या आणि शवपेट्याही गेल्या. त्या काळात माझ्यावर गवत उगवायला सवडच नव्हती.

मग गावाबाहेरून डांबरी रस्ता झाला, बस आली, आणि लोक मला विसरले. लोकांचा दोष नाही. पाऊस पडत असताना कोण चालेल? पण वाटेला जेवण लागतं ते पावलांचं. ते थांबलं की ती वाळत जाते. जंगलात काटेरी जाळ्या माझ्यावर चढल्या. शेताजवळ झेनोन दर शरदात माझा बांध कोरू लागला. नांगराचं एक तास यंदा, एक पुढच्या वर्षी. गाडीची रुंदी गेली, मग सायकलची राहिली, मग एका माणसाची.

अशा दिवसांत लुत्सिना आली. ती गावच्या शाळेत स्वयंपाक करते. दुपारी भांडी आवरली की ती केस बांधायची आणि फाटकातून पळत सुटायची. वाटेत भेटणारे तिची थट्टा करत. "अगं लुत्सिना, सूप उतू गेलं की काय?" ती हसायची आणि पळत राहायची. पहिल्या आठवड्यात ती पुलापर्यंतच पोचली. महिन्याभरात जंगलात शिरली. तिच्या टाचा माझ्यावर पडल्या, तेव्हा कितीतरी वर्षांनी मला कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात ती पहिल्यांदा टेकाडापर्यंत पोचली, आणि तिथेच घोळ झाला. आमच्याकडे मे महिन्यात रोज संध्याकाळी गावातल्या बाया मरियामातेपुढे जमून गातात. त्यांची म्होरकी ब्रोन्का आजी. देवळीच्या काचेच्या दाराची किल्ली तिच्या गळ्यात असते. बाया देवळीसमोर उभ्या होत्या, स्तोत्र रंगात आलं होतं, आणि लुत्सिना धापा टाकत बाया आणि मरियामाता यांच्या बरोबर मधून निघाली.

जाऊ शकली नाही. आजीची काठी आडवी आली.

"मागे काय लागलंय गं तुझ्या? कुत्रं की नवरा?"

"काही नाही आजी. व्यायाम करतेय."

"व्यायाम हवा असेल तर माझे बटाटे काढायला ये. देवाशी बोलणाऱ्यांच्या मधून जातात का? थांब आता इथे. आमेन म्हटल्याशिवाय हलायचं नाही."

लुत्सिना पूर्ण स्तोत्र संपेपर्यंत उभी राहिली, बायांबरोबर गायलीही. तिच्या घामावर डासांची पंगत बसली होती. दुसऱ्या दिवशी ती आली ती देवळीसमोरून न जाता टेकाडाला मागून वळसा घालून. पुढच्या दिवशीही तसंच. मे संपला तरी तसंच.

हळूहळू तिच्यामागून इतर आले. औषधाच्या दुकानातली पोरगी आली, दोघी जुळ्या बहिणी आल्या, पोट कमी करायला पोस्टमन आला. दर शनिवारी चाळीसएक माणसं माझ्यावरून धावू लागली. त्यांनी जाळ्या तोडल्या, पुलाची कुजलेली फळी बदलली, झाडांवर वाट दाखवणारा पांढरा-निळा-पांढरा पट्टा रंगवला. सगळे टेकाडाला मागूनच वळसा घालत. का, ते पुढेपुढे कोणाला विचारावंसंही वाटेना. लुत्सिना जाते, म्हणून सगळे जातात. गवतातून माझा एक नवा, गोल हात फुटला. डांबरापेक्षा मी मऊ आहे, गुडघे दुखत नाहीत, असं सगळे म्हणत. मित्रांनो, वाटेला फुगता येत असतं, तर मी फुगले असते.

अशी चौदा वर्षं गेली. मग यंदा मे महिन्यात माझा जीव टांगणीला लागला.

झेनोनने ग्रामपंचायतीकडे मागणी केली की शेताजवळची माझी पट्टी त्याला विकावी; तशीही ती अर्धी त्यानेच नांगरली होती. त्याच सुमारास जिल्ह्याच्या पाच किलोमीटर शर्यतीसाठी कायमच्या मार्गाचा शोध चालला होता. लुत्सिनाने माझं नाव दिलं. पंचायतीने निवाडा सोपा केला: शर्यत इथे आली, तर बांधावर सीमेचे दगड बसवून वाट गावाची राहील. नाही आली, तर पट्टी झेनोनची. आणि मधोमध तुटलेली वाट ही वाट नसते, ते मला माळ्याच्या दोरीपासून ठाऊक आहे.

शर्यतीची अट एकच होती. मार्ग पाच हजार मीटरपेक्षा कमी नको.

मोजायला हुबेर्ट नावाचा माणूस आला, सायकल घेऊन. सायकलच्या पुढच्या चाकाला एक गणक लावलेला होता. चाक जरा फिरलं की आकडा पुढे सरकायचा. आधी त्याने पोलादी फितीने तीनशे मीटरची सरळ रेघ मोजली आणि तीवरून चार वेळा सायकल चालवून पाहिली, म्हणजे एका मीटरला किती आकडे पडतात ते कळावं. मोजणी झाल्यावर त्याने तेच पुन्हा केलं. ऊन वाढलं की टायर फुगतो आणि आकडा बदलतो, असं तो सांगत होता. त्याचा हा काटेकोरपणा मला आवडला. तो वळणांवर आतल्या कडेने जायचा, ताणलेल्या दोरीसारखा. कारण धावणारा ज्या सगळ्यात आखूड वाटेने जाऊ शकतो, तीच मोजायची असते.

टेकाडापाशी तो सरळ देवळीसमोरून गेला. मागून पळणारी लुत्सिना ओरडली, "साहेब, तिकडून नाही! मागून, मागून!"

हुबेर्टने एक पाय टेकला. "देवळीसमोरची वाट बंद आहे का?"

"बंद नाही. पण तिथून कोणी जात नाही."

"का?"

"ब्रोन्का आजीमुळे."

"ब्रोन्का आजी नियमांत नाही हो, बाई," तो म्हणाला आणि पुढे निघाला.

धक्क्यावर त्याने हिशेब केला. चार हजार नऊशे एक्याऐंशी मीटर. एकोणीस कमी.

सगळे एकदम बोलू लागले. सुरुवात मागे घ्यावी तर फाटकाला लागून बसचा रस्ता. शेवट पुढे न्यावा तर पाणी. "शेवटचे एकोणीस मीटर पोहायचे," पोस्टमन म्हणाला. कोणी हसलं नाही.

"आणि देवळीसमोरची वाट बंद केली तर?" लुत्सिनाने विचारलं.

"मग मागची मोजेन. पण पक्की बंद हवी. दोरी नको, जमिनीत रोवलेलं काहीतरी. शनिवारी संध्याकाळी पुन्हा येतो. रविवारी मला धरणाकाठचा डांबरी मार्ग मोजायचाय, आणि तो पुरेसा लांब आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो."

वळशाने किती मीटर वाढतील, हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मित्रांनो, स्वतःची लांबी कोणालाच आतून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रोन्का आजी देवळीतल्या लायलॅकच्या फुलांचं पाणी बदलत होती, तेव्हा लुत्सिना येऊन उभी राहिली.

"आजी, इथे समोर कुंपण घालायचंय."

"कोणाला अडवायला?"

"मलाच."

आजीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लुत्सिनाने सगळं सांगितलं: एकोणीस मीटर, झेनोनची पट्टी, शनिवार.

"आणि आम्ही कुठे उभं राहायचं? कुंपणाला लोंबकळून गायचं?"

"तुम्ही आत. आम्ही बाकं करून देऊ."

"बाकं?" आजीचा आवाज उतरला. तिच्या कंबरेचं दुखणं सगळ्या गावाला ठाऊक आहे. "पाठ टेकायची?"

"पाठ टेकायची."

आजी बराच वेळ फुलं सारखी करत राहिली. ती आधीच सारखी होती. "मी तुला उभं केलं, आणि आज तू मला बसवायला आलीस होय? बरं. पण एक अट. मेच्या शेवटच्या संध्याकाळी तुझी ही सगळी पलटण इथे गायला आली पाहिजे."

"आजी, मी कावळ्यासारखी गाते."

"ठाऊक आहे. त्या दिवशी ऐकलंय. मरियामातेनेही ऐकलंय, तिने ते सोसलंय."

आता खांब हवे होते. चांगले ओकचे खांब गावात एकाच जागी रचून ठेवलेले होते, झेनोनच्या शेतात, माझ्याच पट्टीला कुंपण घालण्यासाठी. आजी काठी टेकत बांधावर गेली. मागे लुत्सिना, तिच्यामागे पाचसहा जण. झेनोन ट्रॅक्टरवर होता.

"झेनोन! खाली उतर."

"काय धर्ममाय?" आजीनेच त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं होतं.

"ते खांब कशाला आणलेस?"

"माझ्या शेताला."

"शेत तुझं आहे. बांध नाही."

"अजून नाही," झेनोन पुटपुटला.

"चर्चमध्ये तुला धरलं होतं मी, नवा कोरा झगा घालून. त्या झग्याचं तू काय केलंस, ते सांगू का आता, या पोरींसमोर?"

झेनोनने ट्रॅक्टर बंद केला. कान लाल झाले होते. "किती खांब हवेत?"

"सोळा. आणि पोचवायचेही तूच."

शुक्रवारी भर दुपारी काम चाललं होतं. खड्डे खणले, खांब रोवले, आडव्या पट्ट्या ठोकल्या. जुळ्या बहिणींनी तीन बाकं केली. त्यातलं एक हलत होतं, त्याखाली पोस्टमनने दगड सारला. चीजचा केक आला, लोणच्याच्या काकड्या आल्या. झेनोन खांब टाकून निघून जाणार होता, पण एक खांब वाकडा लागलेला त्याला बघवेना, म्हणून त्याने हातोडी घेतली आणि संध्याकाळपर्यंत ठेवली नाही. "वळशाने पंधरा मीटरपेक्षा जास्त वाढणार नाहीत," असं तो मधूनमधून म्हणत होता.

शनिवारी संध्याकाळी हुबेर्टने पुन्हा फीत ताणली, चार फेऱ्या घेतल्या आणि फाटकातून निघाला. लिंडनखालून गेला, फळ्या वाजल्या, बांध ओलांडला. जंगलातून तो बाहेर आला, तेव्हा बाया नव्या बाकांवर बसून गात होत्या. त्याने कुंपणाचा खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला. खांब हलला नाही. मग तो टेकाडामागे वळला आणि दिसेनासा झाला.

ब्रोन्का आजी शेवटच्या सुरावर आली होती. तिने तो सोडला नाही. एका डोळ्याने मरियामातेकडे आणि एका डोळ्याने टेकाडाच्या कडेकडे पाहत तिने तो ताणून धरला. बाकीच्या बायांचा श्वास संपला, तिचा संपेना. टेकाडाआडून सायकलचं चाक दिसलं, तेव्हाच ती म्हणाली, "आमेन."

आणि मग पोस्टमन पळाला, जुळ्या पळाल्या, लुत्सिना पळाली, केकचं ताट घेऊन झेनोनही पळाला. सगळा गाव माझ्यावरून धक्क्याकडे निघाला होता. इतकी पावलं एकदम माझ्यावर वरातीतही पडली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या गावात माझी एखादी बहीण असेल. शाळेमागे असेल, नदीकाठी असेल. तिच्यासाठी फार काही करू नका, फक्त तिच्यावरून जात राहा. आणि कोपरा कापू नका. तुमचं एक पाऊल वाचतं, पण वाट तेवढी आखूड होते, आणि तुमच्यामागून येणारे तीच आखूड वाट खरी धरतात. मी जिवंत आहे ती एका बाईने चौदा वर्षं कोपरा कापला नाही म्हणून.

हुबेर्टने शेवटच्या चार फेऱ्या घेतल्या, हिशेब दोनदा केला, टोपी काढली आणि धक्क्यावर उभं राहून आकडा मोठ्याने वाचला.

पाच हजार सात मीटर.