एजंटाला अहोजाहो

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या त्या ऑफिसात, कोणत्या सर्व्हरवर कोणतं सॉफ्टवेअर चालू आहे याची यादी दाखवणारं एक टूल होतं. ते वापरायचं कसं, हे लिहून ठेवायची गरज लक्ष्मीकांत सरांना कधी वाटली नाही. नोकरीला लागल्यावर अवंतिकानं विचारलं, तर म्हणाले, "बघता बघता समझ में आ जाएगा."

मग एकदा यादी रिकामी दिसली म्हणून तिनं ग्राहकांना मेसेज पाठवणारं, आधीच चालू असलेलं सॉफ्टवेअर सर्व्हरवर पुन्हा चढवलं आणि प्रत्येक मेसेज दोनदा गेला. सरांनी सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली, "अक्कल गहाण ठेवलीस का?"

परवा, ऑफिसची कामं आपणहून करणाऱ्या नव्या एआय एजंटानं नेमका तोच घोळ घातला. सर हळहळले. "बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं गं! त्याच्यासाठी सोप्या भाषेत नीट लिही. आणि अहोजाहोनं लिही."

अवंतिकानं दातओठ खात लिहिलं, 'यादी रिकामी दिसली, तर ती बघायची परवानगी तुम्हाला नाही, एवढंच समजा. सॉफ्टवेअर बंद आहे असं समजू नका. आधी विचारा. विचारल्याबद्दल कोणी ओरडणार नाही.'

शेवटची ओळ वाचून सर खूश झाले. "वा! त्याला जरा धीर येईल."

तेवढ्यात नवी लागलेली हर्षिता दारात आली. "सर, यादी रिकामी दिसतेय. काय करू?"

"एवढंही कळत नाही?" सर खेकसले.

अवंतिका शांतपणे म्हणाली, "हर्षिता, तू माणूस नाहीस असं सांग. मग सर प्रेमानं समजावतील."