न मोजलेली पिल्लं

येडशीच्या डोंगरात बिबटे किती, हे मोजायचं काम प्रसेनजितकडं होतं. तो मूळचा माकणीचा. प्राणिशास्त्र शिकून पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत लागला होता आणि आपल्याच जिल्ह्यातलं काम निघालं म्हटल्यावर हट्टानं मागून घेऊन आला होता.

बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. डाव्या अंगाचेही उजव्याशी जुळत नाहीत. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर कॅमेरे बांधायचे. काही हाललं की फोटो निघतो. पंचेचाळीस दिवसांत चाळीस हजार फोटो निघाले. त्यात शेळ्या, वानरं आणि वाऱ्यानं डोलणारं गवतच जास्त. ठिपके जुळवून जुळवून प्रसेनजितनं तीन बिबटे वेगळे काढले. एक नर, दोन माद्या. नाल्याच्या बाजूला फिरणाऱ्या दुसऱ्या मादीला त्यानं एफ-दोन असं नाव दिलं.

डोंगराच्या पायथ्याला नागूबाईचं शेळ्यांचं वाडगं होतं. साठी उलटलेली बाई, जन्म याच रानात गेलेला. उन्हाळ्यात पाणी कुठं टिकतं हे तिनंच त्याला दाखवलं होतं. एकदा तो कॅमेऱ्याचा पट्टा आवळत असताना ती म्हणाली, "लेकरा, नाल्याच्या अंगाला जी मादी हाय ना, तिच्यामागं दोन पिल्लं हायत."

"तुम्ही बघितली, मावशी?"

"तर! ज्वारी काढायच्या टायमाला. पाण्यावर आलती. मांजराएवढी, पर शेपट्या लांब."

"फोटोत आली की लिहितो."

"फोटोत सगळंच येतंय व्हय?" ती हसली. तोही हसला. वहीत मात्र त्यानं काही लिहिलं नाही. मोजणीत पिल्लं धरत नाहीत, त्यातली बरीचशी जगत नाहीत म्हणून. आणि ऐकीव गोष्ट अहवालात कशी घालायची?

मे महिन्यात डोंगराखालच्या वस्तीवर बिबट्यानं चार दिवसांत सहा शेळ्या मारल्या. लोक चिडले. पिंजरा लागला आणि तिसऱ्या दिवशी त्यात एक मादी सापडली. वनपाल कृष्णराज यांचा फोन आला तेव्हा प्रसेनजित पुण्याच्या गाडीची वाट बघत येरमाळ्याच्या स्टँडवर उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याला संस्थेत हाच अहवाल मांडायचा होता.

"फोटो पाठवलेत, ओळख पटते का बघा," कृष्णराज म्हणाले. "आणि हिला पिल्लं आहेत का? डॉक्टरांना दूध दिसत नाही, पण पिल्लं मोठी असली तर दिसणारही नाही. पिल्लं असतील तर इथंच सोडू. नसतील तर लांब न्यायचा आदेश आहे."

प्रसेनजितनं बाकड्यावर लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांत ठिपके जुळले. एफ-दोन. आपलं काम इतकं चोख झालंय याचा त्याला आनंद झाला. नागूबाईचं बोलणं त्याला आठवलं. नाही असं नाही. पण गाडी लागली होती.

"एफ-दोनच आहे," तो म्हणाला. "पिल्लांचा एकही फोटो नाही."

त्याच संध्याकाळी मादीला दूरच्या जंगलात नेलं.

बारा दिवसांनी तो येडशीला परतला, तेव्हा नागूबाई वाटेवरच भेटली. ती त्याला नाल्याकडं घेऊन गेली. करवंदीच्या जाळीत दोन पिल्लं मरून पडली होती. एक आधीच सुकलेलं. दुसऱ्यावर माशा नुकत्याच बसायला लागल्या होत्या.

"कालपातुर वरडत व्हतं," नागूबाई म्हणाली. "म्या शेळीचं दूध ठिवलं वाटीत. प्यालं न्हाय."

"मला कळवायचं, मावशी."

"सुनंनं दोनदा फोन लावला. तू उचलला न्हाय."

अहवाल मांडत असताना अनोळखी नंबरावरून दोन फोन आले होते. त्यानं ते न उचलता कापले होते आणि नंतर विसरून गेला होता.

खोलीवर येऊन त्यानं टाकाऊ म्हणून बाजूला काढलेले फोटो उघडले. तीन दिवस तो एकेक बघत बसला. नाल्यावरच्या कॅमेऱ्यातला एक फोटो सापडला. पहाटेचा, धूसर. मादीचं मागचं अंग कडेला निसटलेलं आणि तिच्यामागं जमिनीलगत दोन करडे डाग. ठिपके दिसत नाहीत म्हणून त्यानं तो एका झटक्यात टाकून दिला होता.

त्यानं कृष्णराज यांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही फोटो बघूनच सांगितलं होतं ना." ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं प्रसेनजितला वाटलं.

त्यानं कॅमेरे पुन्हा बांधले. जूनच्या शेवटी नाल्यावर एक मादी फोटोत आली. अंग खंगलेलं, पुढच्या पायाला जखम. त्यानं डाव्या अंगाचे ठिपके जुळवले. एफ-दोन होती. एवढं अंतर चालून ती परत आली होती. पाच रात्री ती त्याच जाळीपाशी येत राहिली. येताना दिसे, जाताना दिसे. सहाव्या रात्री आली नाही. पुढं ती कुठल्याच कॅमेऱ्यात आली नाही.

हे नागूबाईला सांगायला तो वाडग्यावर गेला. तिनं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक हाय. हाका मारत व्हती ती. आमी सगळ्यांनी ऐकल्या."

"माझी चूक झाली, मावशी. तुमचं ऐकायला पायजे होतं."

नागूबाईनं त्याच्याकडं बघितलं. शेळ्या भुकेनं ओरडत होत्या. तिनं काठी घेतली, वाडग्याचं दार काढलं आणि त्या दिवशी नाल्याकडं न जाता कळप दुसऱ्या अंगाला वळवला. प्रसेनजित थोडं अंतर ठेवून मागं चालत राहिला. तिनं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हणूनही सांगितलं नाही.