राखीव तळ्यातला खडक

टोकावड्याच्या अलीकडच्या तळ्याला श्रावणात तारेचं कुंपण पडलं आणि त्याचं पाणपक्ष्यांचं राखीव क्षेत्र झालं. आत बंदी कुणाला? म्हशींना. म्हशींमुळे पक्षी बिचकतात, हा शोध कल्याणच्या पक्षीमंडळाच्या रवींद्र सरांनी लावला होता. जन्मात कधी म्हशीची शेपटी न धरलेल्या माणसाने!

तेव्हापासून तळ्याशेजारच्या जिवलीच्या दोन म्हशी परसातल्या डबक्यात लोळायच्या. हापशीवरून हंडे वाहून वाहून ती ते डबकं भरायची. दसरा सरला, ऊन तापलं, हापशी खोकायला लागली. दूध आटलं. जिवलीची मान तर पार कामातून गेली.

अशात एका रविवारी सर पक्षी मोजायला आले. मातकट टोप्या, मातकट पँटी, चाळीस जणांची पलटण. अकरा वाजता बडे साहेब पाहणीला येणार होते. दुर्बिणी लागल्या. तळ्यात पुरुषभर गवत, पाण्यावर शेवाळाची गोधडी. पक्षी म्हणाल तर एक कावळा, तोही कुंपणावर.

"पक्षी व्हय? ते जिवली वैनीच्या परसात हायेत," तळ्याचा राखणदार कोंडू बोलून गेला. गावचाच गडी, खोटं बोलायला अजून शिकला नव्हता.

पलटण वालाचे वेल तुडवत परसात घुसली. डबक्यात म्हशी, म्हशींवर बगळे, चिखलात शेपट्या नाचवणारे धोबी पक्षी. दाराला दसऱ्याचं नवं बांधलेलं, त्या भाताच्या लोंब्यांना मुनिया लोंबकळलेल्या. सरांनी कागदावर लिहिलं: राखीव क्षेत्र, बगळे चौतीस.

"सर, ह्ये परस माजं हाय," जिवली म्हणाली.

"परिसर एकच आहे, मावशी."

"एकच ना? मग म्हशी सोडते तळ्यात."

"छे छे! पक्षी बिचकतात." त्याच क्षणी एक बगळा म्हशीच्या कानातली गोचीड उपटत होता.

जिवलीने डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. "साहेब तळ्यावर येनार. त्यांना काय दावाल, कावळा?"

सरांनी घड्याळ पाहिलं. जिवलीने म्हशींना हाक घातली. तळ्याच्या वासावर त्या धावत सुटल्या आणि त्यांच्यामागे आख्खं आभाळ पांढरं होऊन निघालं. फाटकाला कुलूप. कोंडूने सरांकडे बघितलं. सरांनी सडकेकडे बघितलं. पांढरी गाडी वळणावर आली होती.

"उघड रे लवकर!"

म्हशी आत घुसल्या. गवत आडवं झालं, गोधडी फाटली, किडे उडाले, बगळे उतरले. बड्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सर कुलूप मागायला आले.

"तळ्यात पडलं माज्या हातून," कोंडू म्हणाला.

"किल्लीसकट?"

"किल्ली एकटी काय करंल, सर?"

बिचारा, एका दिवसात शिकला.

मंगळवारी पेपरात आलं: म्हशीबंदीला यश, पक्षी परतले. वर फोटो, खाली ओळ: काळ्या खडकावर विसावलेले बगळे.

जिवलीने पेपर डोळ्यांजवळ धरला. "कोंडूभाऊ, खडकाला शेपूट कसं रे?"

खडक तेव्हा तळ्यात मान वर काढून रवंथ करत होता.