दाते धन्याकडे

मी एक जुने, पायाने चालवायचे करवतयंत्र आहे. निदान मला तसे सांगण्यात आले आहे. खरे सांगू का मित्रांनो, आपण नेमके कोण आणि आपले मालक कोण, याचा माझा आयुष्यभर गोंधळच उडालेला आहे. खाली पायडल, बाजूला चाक, वर लांब मान आणि मानेच्या टोकाला केसासारखे बारीक, उभे पाते. पुणतांब्याच्या स्टेशनवरून बैलगाडीने मला आमच्या वस्तीत आणले, तेव्हा शेजारच्या मालनबाई खणाचा तुकडा घेऊन हजर! "चोळी कवा मिळंल?" असे त्यांनी थेट मलाच विचारले. मी काय बोलणार, कपाळ! आपण शिवायचे असते की कापायचे, हे तेव्हा मला तरी कुठे धड ठाऊक होते?

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. भट्टीत ओतले, घासले, काळा रंग दिला आणि वर सोनेरी वेलबुट्टी काढली. करवतीला नटवून काय करायचे होते, देव जाणे. पेंढ्यात गुंडाळून आगबोटीने मी आले आणि नगरच्या मिशनच्या सुतारशाळेत काही वर्षे राहिले. तिथे रोज नवे हात, नवे पाय. कुणाची ओळख पटेपर्यंत तो निघून जायचा.

मग मला इसहाक सुतार मिळाला. वस्तीतल्या उपासना-मंदिरात व्यासपीठापुढे सागवानी जाळी बसवायची होती, तीत द्राक्षांचे वेल आणि कबुतरे. त्या कामासाठी मिशनने मला त्याच्या घरी धाडले. इसहाकचे सगळे निगुतीचे. शेणाने सारवलेली जमीन उंचसखल, म्हणून माझ्या पायांखाली त्याने आधी फरशीचे तुकडे सारले. "हालतं यंत्र म्हंजी तुटलेलं पातं," तो म्हणायचा. फळीवर दाबपट्टी टेकवल्याशिवाय पायडलला पाय लावायचा नाही, बोटे पात्याच्या समोर ठेवायची नाहीत, पाते तुटले तर चाक थांबेपर्यंत हात घालायचा नाही. शेजारी बसून त्याची बायको दीना गिरमिटाने फळीला भोके पाडायची. त्या भोकातून पाते ओवून इसहाक आतली नक्षी कापायचा. मला फार सुख वाटायचे. वाटे, झाले एकदाचे, हाच माझा धनी.

आणि बेचाळीस साली तो लढाईवर निघाला! पलटणीला सुतार हवे होते. जाण्याआधी त्याने माझे पाते काढले, सांध्यांत तेल सोडले आणि मला धोतराच्या फडक्यात गुंडाळले. "मी आलो की पुरी करीन जाळी," तो दीनाला म्हणाला. "यंत्र तेवढं हितंच राहू दे." लढाई कुणाशी, कशासाठी, मला काही समजले नाही. जाळी अर्धी राहिली होती, एवढेच समजत होते.

पुढच्या साली उपासना-मंदिराचे पाळकसाहेब आले. ते भले गृहस्थ, पण अवघडलेले होते. "दीनाबाई, नगरहून यंत्र परत मागितलंय. पडून राहिलंय ना."

दीना दारात आडवी उभी राहिली. "ते आल्यावर त्यांनी काय बघायचं? रिकामी जागा? साहेब, जाळी मी करते पुरी. नाताळात झाली न्हाई, तर खुशाल गाडी पाठवा."

पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. माझा जीव मात्र टांगणीला लागला.

आता घोटाळा पुढेच आहे. दीनाने मला चालताना हजारदा पाहिले होते, पण पाते बसवताना इसहाकची पाठ तिच्याकडे असायची. पात्याचे दाते इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून तिने गावच्या सुताराला, रंगनाथकाकांना बोलावले. काकांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आपल्या करवतीचा एकच नेम हाय, पोरी. दाते धन्याकडं. वडणाऱ्याकडं त्वांड करून दाते लावायचे, मंग करवत वडताना कापती. हितं मानूस वर बसतो. म्हंजी दाते वर."

नेम बापजाद्यांचा होता. दीनाने दाते वर करून पाते बसवले आणि पायडल मारले. अरे देवा! फळी अशी उडाली की जणू तिला विंचू चावला. दर फेऱ्याला धडधड, धडधड. दीनाने घाबरून फळी जोरात दाबली, तसे पाते कडकन तुटले आणि तिच्या अंगठ्यातून रक्त आले.

दुसरे पातेही तसेच गेले. ही पाती परदेशातून यायची आणि लढाई लागल्यापासून आली नव्हती. मला काही उमजेना. मी तेच, पायडल तेच, फळी तीच, मग इसहाकच्या हातात लोण्यासारखे चालणारे मी आता घोड्यासारखे का उधळते? मालनबाई म्हणाल्या, "दिष्ट लागली गं!" आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. पाळकसाहेबांनी माझ्या मानेवर हात ठेवून प्रार्थना केली. मी दोन्ही मुकाट्याने करून घेतले. गुण मात्र कशाचाच येईना. पात्यांच्या पुडीत एकच पाते उरले आणि नाताळ तोंडावर आला.

दीना माझ्यासमोर बसली आणि रडली. रडून झाल्यावर पदराने तोंड पुसले, पण शेवटचे पाते बसवायचा धीर तिला होईना. तिने मला रिकामेच चालवले. एक बोट माझ्या मानेच्या टोकावर ठेवले आणि पायडल हळूहळू दाबले. पाय दाबला की मान खाली ओढली जाई. पाय सोडला की आतली पोलादी कमान, म्हणजे स्प्रिंग, तिला अलगद वर नेई. दीनाने परत दाबले. परत सोडले. मग मोठ्याने म्हणाली, "अगं बया! मी कुठं वढतीया? वढतोय तो पाय. आन् पाय तर खाली हाय!"

ती उठली. पात्यावरून बोट फिरवून दाते कुणीकडे आहेत ते चाचपले आणि त्यांचे तोंड खाली करून पाते बसवले. पाते ताणून नखाने छेडले, तर ते तुणतुण्यासारखे वाजले. फरशीचे सरकलेले तुकडे तिने परत बसवले, पदर खोचला, बांगड्या कोपराकडे चढवल्या, दाबपट्टी टेकवली. पायडल मारले. फळी जागची हलली नाही. भुसा पिठासारखा गळू लागला. मित्रांनो, त्या क्षणी मला रडू येत होते, पण लोखंडाला ती सोय नाही.

रंगनाथकाका बघायला आले आणि डोके खाजवत म्हणाले, "नेम खरा हाय गं. धनी वळखायला चुकलो मी." ते मनापासून हसले आणि मग रोज येऊन भोके पाडून देऊ लागले.

ते एकच पाते जाळी होईपर्यंत टिकले. दीनाने फळी कधी ढकलली नाही, वळणावर कधी घाई केली नाही. नाताळच्या उपासनेला जाळी जागेवर होती. पाळकसाहेबांनी नगरला काय कळवले कोण जाणे, गाडी काही आली नाही.

लढाई संपली आणि एका दुपारी इसहाक आला. कुबड्यांवर. उजवा पाय गुडघ्यापासून नव्हता. घरात शिरला आणि आधी त्याने कोपऱ्यात पाहिले. मी होते. त्याने माझ्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग तो माझ्यापुढे बसला. डाव्या पायाने पायडल मारू गेला, पण त्याची सारी लय त्या गेलेल्या पायात होती. चाक मागेपुढे हेलकावे खाऊ लागले. "माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई, दीना," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

दीना उठली. स्टूल ओढून त्याच्या शेजारी चिकटून बसली आणि आपला पाय पायडलवर ठेवला. "तुमी फळी धरा," ती म्हणाली.

तेव्हापासून आम्ही असेच चालतो. हात त्याचे, पाय तिचा. पाळणे, देव्हारे, दारावरची नक्षी, गाव सारखे काही ना काही काम आणून देते. मालनबाई अजूनही मधूनच चोळीचे विचारतात.

म्हणून मित्रांनो, कुठलेही यंत्र उधळले तर त्याला दोष देऊ नका, जोर लावू नका, घाईने बोट घालू नका. आधी थांबा आणि बघा, ओढणारा कोण आहे. मला मात्र एक कोडे अजून सुटलेले नाही. दाते धन्याकडे, हा नेम. ते तर रोज दीनाच्या पायाकडे तोंड करून असतात. पण सकाळी पाते बसवून झाले की ती इसहाककडे वळते आणि विचारते, "धनी, करायचं का सुरू?"