परतीची फेरी

‘तार नाही, धूर नाही, आवाज नाही, थांब्यावर मिनिटभर उभी राहिली की गाडी जमिनीतूनच वीज घेते, आणि तिकीट शेअर रिक्षाच्या निम्मे.’ सुकापूरच्या मंडपात ट्राम कंपनीच्या नीता कर्णिक यांनी हे वाचून दाखवले, तेव्हा पनवेलच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या हिबाने एकेक शब्द मनातल्या मनात सोलायला घेतला. तार नव्हती, हे मान्य. ती तर बैलगाडीलाही नसते. आवाज झाला असता तरी लाउडस्पीकरपुढे तो कुणाला ऐकू येणार होता? गाडी मिनिटभर उभी राहिली, हेही खरे. त्या मिनिटात तिने वीज घेतली की नुसता दम खाल्ला, याला मात्र निवेदिकेखेरीज साक्षीदार नव्हता.

मग गाडी डौलात रुळांच्या खालच्या टोकाला गेली. टाळ्या पडल्या.

“परत कधी येणार?” हिबाने विचारले.

“जेवणानंतर, मॅडम. आधी पाहुणचार.”

हिबाच्या हाफिजचाचांची बेकरी नेमकी थांब्याच्या आखणीत येत होती. जागा सोडल्याच्या संमतीपत्रावर त्यांची सही दुपारी व्हायची होती, आणि चाचा भारावले होते.

“तरक्की दारात आलीय, आणि तुझा शक संपत नाही. तुझा निकाह ठरत होता तेव्हा मुलाची मार्कशीट मागितली होतीस.”

“आणि तो नापास निघाला, चाचा.”

चाचा दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेले. पाहुणे मटणाच्या वासामागे मंडपाआड गेले. इतका काटेकोर कार्यक्रम आखणाऱ्यांच्या ध्यानात एकच गोष्ट आली नव्हती: महिना रमजानचा होता. हिबाला जेवायचे नव्हते. ती रुळांकडे गेली.

बाळ्या, गंगू आणि वाडीवरचे आणखी काही मजूर गाडीला खांदे लावून तिला चढावर ढकलत होते.

“तुमी जेवाया नाय गेल्या?” गंगू दचकली.

“रोजा आहे.”

“मंग आमचा बी हाय. हिला वर पोचवल्याबिगर भाकर नाय.”

चाचा परतले तेव्हा गाडी वरच्या थांब्यावर निष्पापपणे उभी होती आणि नीताताई पेन पुढे करत होत्या.

“सही नंतर, चाचा,” हिबा म्हणाली. “नीताताई, ही एकदा खाली न्या आणि कुणाचा हात न लागता वर आणा. चढ फार नाही. चाचांची पावाची हातगाडीसुद्धा चढते.”

नीताताईंनी जेवणाऱ्यांकडे पाहिले. चाचांनी हातात घेतलेले पेन मेजावर ठेवले.

“बोला, बाई. बेकरी माझी जायचीय.”

“वर येणार नाही,” नीताताई हलक्या आवाजात म्हणाल्या. “आत बॅटरीच नाही. संमतीपत्रं दाखवून पैसा उभा करायचा आणि मग ती बसवायची, असं ठरलंय. हा उतार आम्हीच शोधून काढला.”