आपल्या नावावर

तिनं मोजपट्टीचं टोक बुटाखाली दाबून धरलं, पट्टी मोटारसायकलच्या सीटपर्यंत ताणली आणि आकडा वाचायला खाली वाकली. शोरूममधला विक्रेता तिच्या वाकलेल्या पाठीवरून तिच्या बाबांशी बोलत होता.

"काका, ताईंना स्कूटर दाखवू? हलकी आहे. गिअरची कटकट नाही."

"मला मोटारसायकल हवीय," ती खालूनच म्हणाली.

"तीही बघू ना, ताई. पण काका, चालवणार कोण?"

ती सरळ झाली. बटण दाबताच पट्टी सटकन डबीत गेली.

"पाय माझे टेकतात की नाही ते मी बघतेय. मग चालवणार कोण असेल?"

विक्रेत्यानं गळ्यातला टाय सारखा केला आणि बाबांकडे पाहिलं, जणू उत्तर तिकडूनच यायचं होतं.

"घरी हिला मोजपट्टीच म्हणतो आम्ही," बाबा म्हणाले. दोघे हसले. ती हसली नाही.

शहराबाहेरच्या जलशुद्धीकरण केंद्रात ती रसायनतज्ज्ञ होती. पहाटे पंपघरातून पहिला नमुना घ्यायचा, त्यातला गढूळपणा आणि क्लोरीन तपासायचं, आकडे ठीक असले की मगच शहराला पाणी सुटायचं. या पहाटपाळीच्या प्रमुखाची जागा रिकामी होणार होती. ते काम तिच्याइतकं नेटकं कुणाला जमत नाही, हे साहेबांनाही मान्य होतं. "पण तू येणार कशी?" ते म्हणाले होते. "पहिली बस निघते तोवर लोकांच्या बादल्या भरलेल्या असतात. ज्याच्याकडे गाडी आहे त्याचाच विचार करावा लागेल मला." आणि मग, तिचा चेहरा पाहून असेल, "महिनाअखेरपर्यंत थांबतो."

केंद्राकडे जाणारा शेवटचा रस्ता कालव्याच्या कडेनं, खडीचा. तिथं लहान चाकं घसरतात, म्हणून स्कूटर बाद. पगारातून हप्ता, पेट्रोल, विमा आणि चांगलं हेल्मेट एवढं बसत होतं, बाकी फारसं काही उरत नव्हतं. मैत्रिणींबरोबरची सहल तिनं रद्द केली होती. हेल्मेटला मात्र कात्री लावायची नाही, हे ठरलेलं होतं. बँकेला जामीनदाराची सही हवी होती, म्हणून बाबा बरोबर आले होते. नाहीतर ती एकटीच आली असती.

"अ‍ॅव्हरेज किती देते?" बाबांनी विचारलं.

विक्रेत्यानं आकडा सांगितला.

"सरासरी कशाची?" ती म्हणाली.

"अं?"

"अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी ना? किती वेगाला, किती वजनाला, कुठल्या रस्त्यावर मोजलीत?"

"ताई, अ‍ॅव्हरेज म्हणजे अ‍ॅव्हरेज. कंपनीनंच दिलंय." मग बाबांकडे वळून, आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "ताई शाळेत शिकवतात का?"

पुढे त्यानं सीट कव्हर, लोखंडी गार्ड, पॉलिश अशी नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला ती नको म्हणाली आणि प्रत्येक वेळी तो बाबांकडे बघून थांबला. तिचं नको त्याच्या लेखी अजून कच्चंच होतं. शेवटच्या नकोला तिचा आवाज इतका चढला की पलीकडच्या टेबलाशी बसलेलं जोडपं वळून पाहू लागलं.

"राहू द्या हो," बाबा म्हणाले. "आपली गाडी साधीच बरी."

आपली. गेले कित्येक दिवस हा शब्द तिला दातात अडकलेल्या कणासारखा टोचत होता. मोटारसायकल घेणार असं तिनं घरी सांगितलं आणि त्याच संध्याकाळी ती सगळ्यांची होऊन बसली. आपल्या गाडीची मागची सीट लांब हवी, दवाखान्यात जाताना बरं पडेल, असं आई म्हणाली. आपण काळीच घेऊ, असं धाकट्या भावानं जाहीर केलं आणि तिच्यादेखत मित्रांबरोबर फिरायला जायचे बेत आखले. हप्ता कोण भरणार, हे कुणी विचारलं नाही.

"आपली नाही. माझी," ती शेवटी म्हणाली होती.

"बरं बाई, तुझी," धाकट्यानं हात जोडले. "पण रविवारी तरी आपली ना?"

बाबांचं तर विचारायलाच नको. नोकरीभर त्यांनी शहरात बस चालवली. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी जेवताना "आपली बस चढावर जरा धापा टाकायची" असं काहीतरी निघायचंच. डेपोत धुणारी माणसं असूनही ते बसचे आरसे स्वतःच्या रुमालानं पुसत. ते काळे रुमाल घासताना आई रोज बडबडायची, की एवढी आपली आहे तर घरी घेऊन या एकदा.

विक्रेत्यानं तिला बुकिंगची रक्कम भरायला खिडकीशी पाठवलं. पावती घेऊन ती परत आली तेव्हा टेबलावर छापील अर्ज तयार होता आणि त्यानं पेन बाबांच्या हातात दिलं होतं. अर्ज तिच्या बाजूनं उलटा होता, तरी तिनं तो वाचला. मालकाच्या नावापुढे बाबांचं नाव होतं.

"हे काय आहे?"

"काकांची सही राहिलीय फक्त. इथं, खाली."

"मालक म्हणून बाबांचं नाव का?"

"काकांनीच तसं सांगितलं, ताई."

ती बाबांकडे वळली.

"तुम्ही सांगितलंत?"

"मी? छे!" बाबा चष्मा शोधत खिसे चाचपू लागले.

"छे काय? छापून आलंय! हप्ता मी भरणार, साहेबांना कागद मी दाखवणार, आणि मालक तुम्ही? जामीन राहायला चला म्हटलं होतं, बाबा. मालक व्हायला नाही!"

मघाचं जोडपं आता उघडच बघत होतं. गाडी पुसता पुसता एका कामगाराचा हात पेट्रोलच्या टाकीवरच थांबला.

"काका, मी विचारलं ना तुम्हाला," विक्रेता रडकुंडीला आला. "म्हटलं, गाडी आपल्याच नावावर करायची ना? तुम्ही म्हणालात, हो, आपल्याच."

"मग बरोबरच म्हणालो."

"म्हणून तुमचं नाव घातलं."

"माझं कशाला?" बाबांचा आवाज एवढा मोठा तिनं कधी ऐकला नव्हता. "आपल्या म्हणजे आपल्या! हिच्या!"

"अहो, मी आपल्या म्हणजे तुमच्या म्हणत होतो. मोठे आहात, मान देऊन."

"आणि मी आपल्या म्हणजे..."

बाबा थांबले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, खिशातून चष्मा काढला, रुमालानं पुसला, डोळ्यांवर लावला. मग अर्ज विक्रेत्याकडे सरकवला.

"हिचं नाव घाल. हिचं एकटीचं."

तिच्या तोंडाशी आणखी एक वाक्य आलेलं होतं. ते बोलायला आता समोर कुणी उरलं नव्हतं. दुसरा अर्ज छापून आला तेव्हा तिनं तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. वाचताना तिला एकही शब्द नीट दिसत नव्हता, तरी वाचला.

परतीच्या बसमध्ये बाबा नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत, त्याच्याशी गप्पा मारत. आज ते तिच्या शेजारी बसले.

"तुझी गाडी कधी मिळणार म्हणाला?"

"आठवड्यात."

"मग अंगणात तुझ्या गाडीला जागा करायला हवी."

तुझी. तुझ्या. तिला हवं होतं ते नेमकं हेच. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरीही शब्द बदलला. आई लांब सीटचं काही बोलली नाही. काळ्याऐवजी राखाडी रंग मिळाला, तरी धाकट्यानं तोंड वाकडं केलं नाही. "तुझी गाडी छान आहे," तो म्हणाला, आणि पाहुण्यांच्या वस्तूला लावावा तसा बेतानं हात लावून मागे झाला. त्याला कुणी दटावलं होतं, हे त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

साहेबांनी कागद पाहिला, त्यावरचं नाव पाहिलं. "सोमवारी पहाटे ये," ते म्हणाले. "पाणी वेळेवर सुटलं, तर पाळी तुझी."

सोमवारी ती खाली उतरली तेव्हा अंगणात अजून अंधार होता. शेजाऱ्यांच्या गाड्यांवर दव साचलं होतं. तिच्या गाडीची सीट मात्र कोरडी होती. दोन्ही आरसे असे लख्ख होते की त्यांत जिन्यावरचा दिवा दिसत होता. शोरूमच्या माणसानं गाडी घरी पोचवताना कसेही फिरवून ठेवलेले आरसे ती आता बसून नीट लावणार होती. बसली, तर दोन्हींत मागचा रस्ता पुरा दिसत होता. तिच्या उंचीला लावलेले, कुणीतरी न मोजता. जिन्याच्या कठड्यावर एक काळा पडलेला रुमाल वाळत होता. वर घरात सगळं शांत होतं.

कालव्याच्या कडेला खडी सुरू झाली तेव्हा तिनं वेग कमी केला. चाकं घसरली नाहीत. केंद्राच्या फाटकाशी पोचली, तेव्हा रखवालदारानं विजेरीचा झोत आधी नंबरप्लेटवर मारला, मग हेल्मेटवर.

"कोण? अरेच्चा, ताई, तुम्ही! एवढ्या पहाटे?" तो गाडीभोवती अर्धा फिरला. "कुणाची आणलीत? भावाची?"

राग लगेच वर आला. उत्तर तर कधीपासून तयार होतं. माझी, माझ्या पगाराची, माझ्या एकटीच्या नावावर.

"आपली," ती म्हणाली.

हेल्मेटच्या आत तो शब्द तिला स्वतःलाच मोठ्यानं ऐकू आला.

"आपली म्हणजे?" रखवालदारानं विचारलं.

तिनं हेल्मेटची काच वर केली.

"फाटक उघडा, काका. पाणी सोडायचंय."